एका पौंडाचा हिशेब

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

घरातला वजनकाटा घ्या आणि त्यावर ज्वारी ओता. ४५४ ग्रॅम भरली की थांबा. हा झाला एक पौंड. दळून आणलीत तर मध्यम आकाराच्या पाच भाकरी होतील, थापणारीचा हात हलका असेल तर सहा. सकाळी शिळी एक, दुपारी दोन, रात्री दोन. खुर्चीत बसून भाषण लिहिणाऱ्या माझ्यासारख्याला एवढं पुरतं. डॉक्टर तर म्हणतील, त्यातली एक कमी करा.

आता असं धरा की या भाकरीबरोबर वरण नाही, तेलाचा थेंब नाही, आणि भाजी म्हणजे रानात सापडला तर पाला. एवढं खाऊन दिवसभर उन्हात खडी फोडायची आहे किंवा मातीच्या पाट्या उचलायच्या आहेत. आणि हे एक दिवस नव्हे, महिनोन्‌महिने. १८७७ च्या जानेवारीत दख्खनमधल्या आणि मद्रास इलाख्यातल्या दुष्काळी कामांवरच्या माणसासाठी सरकारने जी मजुरी ठरवली, तिच्या मुळाशी हे माप होतं : दिवसाला एक पौंड धान्य. आज मला या एका पौंडाबद्दल बोलायचं आहे. भुकेल्याला जगवायला किती खर्च येतो, आणि तो खर्च सार्थकी लागला की वाया गेला हे कोणी, केव्हा आणि कशावरून ठरवायचं, हा प्रश्न त्या पौंडाभोवती फिरतो. आजही शासन जेव्हा मुलांच्या खिचडीसाठी पैशांचे आकडे ठरवतं तेव्हा तोच प्रश्न टेबलावर असतो.

मी अर्थशास्त्राचा माणूस नाही. बी. ए. झालो, कविता लिहितो. हिशेबाशी माझं फारसं सख्य नाही, हे घरातली मंडळी तुम्हाला सांगतील. पण या एका हिशेबाने माझी पाठ सोडलेली नाही. त्याचं कारण पुढे येईलच.

या गोष्टीची सुरुवात दख्खनमध्ये होत नाही, बिहारमध्ये होते. १८६६ साली ओरिसात मोठा दुष्काळ पडला. सरकार वेळेवर हललं नाही, आणि हललं तेव्हा पावसाळा सुरू होऊन वाटा बंद झाल्या होत्या. सुमारे दहा लाख माणसं गेली. त्याची पुढे चौकशी झाली, सरकारची बरीच नाचक्की झाली. त्यामुळे १८७३ मध्ये बिहारात आणि उत्तर बंगालमध्ये पावसाने दगा दिला तेव्हा व्हाइसरॉय लॉर्ड नॉर्थब्रुक यांनी मनाशी ठरवलेलं होतं की पुन्हा ओरिसा होऊ द्यायचा नाही. खाजगी व्यापाऱ्यांची तांदळाची निर्यात बंद करा अशी मागणी झाली. ती त्यांनी मान्य केली नाही, कारण व्यापारात ढवळाढवळ म्हणजे त्या काळच्या राज्यकर्त्यांना महापाप वाटे. पण सरकारने स्वतः ब्रह्मदेशातून तांदूळ विकत आणला, आणि तो थोडाथोडका नव्हे, साडेचार लाख टनांहून अधिक. तो गंगेच्या घाटांवर उतरवून घेऊन बैलगाड्यांनी आत खेडोपाडी पोचवायचा होता. १८७४ मध्ये दरभंग्यापर्यंत घाईघाईने रेल्वेचा मार्गही टाकला गेला. या सगळ्याची सूत्रं होती सर रिचर्ड टेंपल या अधिकाऱ्याकडे.

टेंपल हा झपाटलेला कामसू माणूस. त्याने काम चोख केलं. त्या दुष्काळात भुकेने मेलेल्यांची संख्या जवळपास नगण्य राहिली. ब्रिटिश अमदानीतल्या दुष्काळांच्या इतिहासात असा दुसरा प्रसंग शोधावा लागेल.

मग टेंपलचा सत्कार झाला असेल, असं आपल्याला वाटेल. झालं उलटंच. खर्च आला साडेसहा कोटी रुपयांच्या आसपास. त्या वेळच्या मानाने ही प्रचंड रक्कम. पुढचं पीक बरं आलं आणि उरलेला तांदूळ तोट्यात विकावा लागला. मग टीका सुरू झाली. लंडनच्या ‘इकॉनॉमिस्ट’ने ताशेरे ओढले. आपल्याला जगवणं हे सरकारचंच काम आहे अशी समजूत यातून हिंदी लोकांची होईल, असा त्या टीकेचा रोख. टेंपल हे नाव उधळेपणाचा नमुना म्हणून घेतलं जाऊ लागलं.

इथे टीकाकारांच्या पदरातही काही टाकायला हवं. बिहारचा दुष्काळ भीती वाटली होती तेवढा भयंकर निघाला नाही. गरजेपेक्षा जास्त तांदूळ आणला गेला हे खरंच आहे. त्यात वाया गेलेला पैसा रयतेच्याच करातून आलेला होता. पण दुष्काळ किती मोठा होणार हे आधी कोणाला ठाऊक असतं? आणि तो मोठा झाला नाही याचं थोडंतरी श्रेय त्या आणलेल्या तांदळाला द्यायचं की नाही? ही अडचण सगळ्याच अन्नमदतीच्या हिशेबात आहे. खर्च झालेला रुपया वहीत लिहिलेला असतो. न मेलेल्या माणसाची नोंद मात्र कुठल्याच वहीत होत नाही. तो आपल्या वाटेने शेतावर निघून जातो.

तीनच वर्षांनी, १८७६ मध्ये, मद्रास, म्हैसूर, हैदराबाद आणि आपल्या मुंबई इलाख्याचा दख्खन भाग, म्हणजे सोलापूर, सातारा, पुणे, नगर, आणि तेव्हा मुंबई इलाख्यात असलेले कलादगी-धारवाड, एवढ्या विस्तीर्ण मुलखात पाऊस गेला. आता व्हाइसरॉय होते लॉर्ड लिटन. १ जानेवारी १८७७ रोजी दिल्लीत दरबार भरवून राणी व्हिक्टोरियाला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर करण्यात आलं. तो दरबार आटोपला आणि दक्षिणेतल्या खर्चाला आवर घालण्यासाठी सरकारने एक खास प्रतिनिधी पाठवला. कोणाला? तर रिचर्ड टेंपलला! उधळेपणाचा शिक्का बसलेल्या माणसालाच काटकसरीच्या कामावर नेमलं. त्याला दिलेल्या सूचनांचा मथितार्थ स्पष्ट होता : खर्चाचा विचार न करता जीव वाचवत बसणं सरकारच्या आवाक्यातलं नाही.

जळालेलं मूल विस्तवाला भितं. टेंपलने दौरा सुरू केला आणि काही दिवसांतच कामावरच्या मजुरीचा नवा दर सुचवला. मद्रास इलाख्यात पुरुषाला एक पौंड धान्याची किंमत आणि वर अर्धा आणा, म्हणजे जुने दोन पैसे. बाईला आणि कामावरच्या मुलांना त्याहून कमी. मुंबई इलाख्यात वरच्या पैशांचे आकडे थोडे निराळे होते, पण पाया तोच, एक पौंड. त्या दोन पैशांत मीठ, मिरची, जळण, असेल तर डाळ, सगळं बसवायचं. टेंपलने स्वतः याला ‘प्रयोग’ म्हटलं होतं. प्रयोग जमला नाही तर माप वाढवू, अशी पुस्ती त्याने जोडली होती. प्रयोग कशावर चालला होता हे सांगायला नको.

याच्या जोडीला अंतराची अट होती. घराजवळ काम मिळालं तर गरज नसलेलेही येतील, म्हणून लांबच्या कामांवरच माणसं पाठवायची. खरा भुकेला असेल तर चालत येईल, हे त्यामागचं तर्कशास्त्र. आजच्या भाषेत याला ‘लक्ष्यित लाभार्थी’ निवडणं म्हणतात. चालण्याच्या पलीकडे गेलेला भुकेला या चाळणीतून आपोआप गळतो, हे ती चाळणी बनवणाऱ्यांच्या ध्यानात आलं नसेल असं मला वाटत नाही.

दख्खनमध्ये मात्र एक गोष्ट घडली, जी आपल्या शालेय पुस्तकांत मी कधी वाचली नाही. लोकांनी काम सोडलं. सोलापूर, पुणे, सातारा या भागांतल्या दुष्काळी कामांवरून हजारोंच्या संख्येने माणसं उठून गेली. उपाशी माणसांनी केलेला संप! पुण्याची सार्वजनिक सभा त्यांच्या पाठीशी उभी राहिली. गणेश वासुदेव जोशी, ज्यांना लोक सार्वजनिक काका म्हणत, आणि न्यायमूर्ती रानडे ही त्या सभेतली मंडळी. सभेने गावोगाव माणसं पाठवून माहिती गोळा केली, कुठे काय भाव आहे, कामावर किती, घरात किती, आणि ती सरकारला अर्जामागून अर्ज करून कळवली. दुष्काळाची ही ‘खाली बसून’ घेतलेली नोंद आहे. सरकारी नोंद घोड्यावरून घेतलेली होती. टेंपलचे दौरे झपाट्याचे असत. लोक नजरेने तसे बरे दिसतात, असा निर्वाळा तो देत असे.

त्या नजरेला उत्तर दिलं ते मद्रासच्या एका डॉक्टरने. विल्यम कॉर्निश हे मद्रास इलाख्याचे सॅनिटरी कमिशनर, म्हणजे सार्वजनिक आरोग्याचे मुख्य अधिकारी. आहार हा त्यांचा जुना विषय. १८६३ मध्येच त्यांनी मद्रास इलाख्यातले लोक काय खातात आणि जिल्ह्याच्या तुरुंगांत कैद्यांना काय दिलं जातं, याचा अहवाल लिहिला होता. त्यामुळे त्यांच्या हातात एक असं शस्त्र होतं की ज्याला टेंपलकडे तोड नव्हती. ते म्हणजे तुरुंगाचा शिधा. सक्तमजुरीच्या कैद्याला सरकार स्वतःच एका पौंडापेक्षा जास्त धान्य देत होतं, वर डाळही. म्हणजे चोरी करून तुरुंगात गेलेल्याला पोटभर, आणि चोरी न करता खडी फोडायला गेलेल्याला अर्धपोट. कॉर्निश यांचं म्हणणं, राबणाऱ्या माणसाला निदान दीड पौंड धान्य हवं आणि त्याच्या जोडीला डाळ हवी. नुसत्या भातावर किंवा नाचणीवर शरीर झिजतं. ते आज दिसणार नाही, पण तीन महिन्यांनी ताप आला, हगवण लागली की पटकन दिसेल.

टेंपलचं उत्तर असं की हे सगळं शास्त्रीय सिद्धान्त झाले. हिंदी गरीब माणूस एरवीही कमीच खातो, आणि तो आजूबाजूच्या पाल्यापाचोळ्यावर, फळांवर भागवून नेतो. यातला खोटेपणा मला सर्वांत जास्त बोचतो तो यासाठी की तो आजही टिकून आहे. गरीब माणूस कमी खातो, म्हणून त्याला कमी लागतं. जणू काही त्याचं पोट त्याच्या ऐपतीबरहुकूम शिवून आलेलं असतं.

आजच्या ज्ञानाने हा हिशेब तपासणं सोपं आहे. एक पौंड ज्वारी किंवा तांदूळ म्हणजे सुमारे सोळाशे उष्मांक. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये दिलेल्या शिफारशींप्रमाणे बैठं काम करणाऱ्या पुरुषाला २१०० च्या आसपास उष्मांक लागतात आणि अंगमेहनतीचं जड काम करणाऱ्याला ३४७० च्या आसपास. त्या काळच्या मजुराचा बांधा लहान धरला, आकडा बराच खाली आणला, तरी सोळाशे आणि काम यांचा मेळ बसत नाही. उरलेले उष्मांक येणार कुठून? ते त्याच्या स्वतःच्या अंगातून येणार. आधी चरबी, मग मांस. खडीचा प्रत्येक ढीग थोडाथोडा माणूस वितळवून उभा राहात होता. दौंड-मनमाड रेल्वेमार्ग, नीरेचा डावा कालवा, ही त्या दुष्काळातली कामं. आपण त्या मार्गाने जातो, त्या कालव्याच्या पाण्याची साखर खातो.

पुढे काय झालं? माणसं मेली. त्याच १८७७ सालात मद्रास सरकारने प्रत्यक्ष अनुभव घेऊन आपलं माप वाढवलं. पण तोवर फार उशीर झाला होता. १८८० च्या दुष्काळ आयोगाने ब्रिटिश मुलखापुरता मृत्यूंचा अंदाज केला तो साडेबावन्न लाखांचा. त्यात संस्थानं नाहीत. हे सगळे एक पौंडाने मेले असं मी म्हणत नाही. साथी होत्या, कामापर्यंत पोचूच न शकलेले होते. बिहारशी थेट तुलनाही रास्त नाही. तिथला मुलूख लहान, एका हंगामाचा दुष्काळ, इथे दोन वर्षं. रुपये भागिले माणसं असं गणित मांडून एक उधळ्या, दुसरा कंजूष असा निवाडा करता येत नाही. पण एक गोष्ट उघड आहे. माणशी दर दिवशी किती पैसे वाचले, हे मोजायला सरकारकडे कारकुनांची फौज होती. माणशी दर दिवशी किती वजन घटलं, हे मोजा म्हणणारे मात्र कॉर्निश यांच्यासारखे मोजकेच. जे मोजलं त्यावरून काटकसर सिद्ध झाली.

आणि टेंपल? १८७७ च्या मे महिन्यात तो मुंबई इलाख्याचा गव्हर्नर होऊन आपल्याच उरावर येऊन बसला.

आयोगाने कामावरच्या माणसाचा शिधा एका पौंडाच्या वर नेला आणि त्यातून पुढे दुष्काळ संहिता तयार झाल्या. मामलेदाराने केव्हा काय करायचं याची ती नियमावली. तिच्या खुणा आपल्या महसूल खात्यात फार उशिरापर्यंत टिकून होत्या. तो मोठा विषय आहे, इथे सोडून देतो.

सोडता येणार नाही ती एक लहानशी जागा, पुण्याजवळची धनकवडी. त्याच १८७७ मध्ये जोतीराव फुल्यांनी आणि सत्यशोधक समाजाच्या मंडळींनी दुष्काळात निराधार झालेल्या मुलांसाठी तिथे ‘व्हिक्टोरिया बालाश्रम’ काढला. सावित्रीबाई तेव्हा जुन्नर तालुक्यात दुष्काळी कामात होत्या. एप्रिल १८७७ मध्ये ओतूरहून त्यांनी जोतीरावांना लिहिलेलं पत्र उपलब्ध आहे. मला या बालाश्रमात महत्त्वाचं वाटतं ते हे, की तिथे शिजवलेलं अन्न होतं आणि ते मुलासमोर ठेवलेलं होतं. कामाच्या मजुरीत बसत नाहीत ती लहान मुलं, हे त्यांनी अचूक ओळखलं. सरकारी हिशेबात बाप हा एकक होता. बापाने आणलेल्या पौंडात घरातले किती वाटेकरी, हा आकडा त्या हिशेबात नव्हता.

यानंतर मी एकदम ९५ वर्षं ओलांडून १९७२ वर येतो. मुलूख तोच. सोलापूर, नगर, बीड, उस्मानाबाद, म्हणजे आजचं धाराशिव, औरंगाबाद, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर. पुन्हा तीच खडी. १९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रातल्या दुष्काळी कामांवर पन्नास लाखांच्या जवळपास माणसं होती. जगात इतक्या मोठ्या प्रमाणावर दुष्काळी काम क्वचितच चाललं असेल. माणसं हाडाडली, जनावरं खाटकाकडे गेली किंवा दारात मेली, पण १८७७ घडलं नाही. या वेळी मजुरी होती, रेशनवर अमेरिकेहून आलेली मिलो, म्हणजे लाल ज्वारी होती, आणि सुकडी होती.

साठी ओलांडलेल्या कोणालाही ग्रामीण महाराष्ट्रात विचारा, मिलोचं नाव काढलं की तोंड वाकडं करतील आणि सुकडीचं नाव काढलं की हसतील. मिलोची भाकरी थापताना तुटायची, चव नाही. अमेरिकेत ही जनावरांना घालतात हे कळल्यावर तर घासच उतरेना. तरी खाल्ली, आणि तिच्यावर जगले. (त्याआधीच्या अमेरिकन गव्हाबरोबर गाजरगवत आलं असं म्हणतात. मदतीबरोबर आणखी काय काय येतं, याचाही हिशेब कोणीतरी मांडायला हवा.) सुकडी हा मात्र गोडसर, भाजलेल्या पिठाचा पौष्टिक खाऊ, कामावरच वाटला जायचा. शास्त्रशुद्ध कल्पना होती. राबणाऱ्याला मजुरीखेरीज वरचे उष्मांक, वरची प्रथिनं. कॉर्निश साहेबांना ती पसंत पडली असती.

माझी अम्मी त्या कामावर होती. आमच्या गावापासून जवळच पाझर तलावाचं काम निघालं होतं. अब्बा कुदळ मारायचे, ती पाटी वाहायची. मी तेव्हा जेमतेम दोन वर्षांचा, दादीजवळ घरी. मला यातलं काहीच आठवत नाही, जे आहे ते तिच्या तोंडून ऐकलेलं. सुकडी जागेवरच खायची असा मुकादमाचा दंडक असे. खाल्ली नाही तर ताकद येणार नाही, काम होणार नाही. अम्मी चिमूटभर तोंडात टाकायची, मुकादमाकडे बघून जोरजोरात चावल्यासारखं करायची, आणि उरलेली पदराच्या टोकाला गाठ मारून ठेवायची. “तुझा घास माझ्या पदराला बांधलेला असायचा,” असं ती सांगायची. संध्याकाळी ती पाण्यात कालवून मला.

पुढे कधीतरी अन्नमदतीच्या योजनांच्या मूल्यमापनाबद्दल वाचताना मला ‘गळती’ हा शब्द भेटला. ज्याच्यासाठी अन्न दिलं त्याच्या पोटात न जाता ते दुसरीकडे गेलं तर ती गळती. दुकानदाराने काळ्या बाजारात विकलं तरी गळती, आणि कामकऱ्याने घरी नेऊन मुलाला भरवलं तरी ती गळतीच. शब्द एकच. त्या वहीत अम्मीची सुकडी जिथे लिहिली गेली असेल, तिथे ती गळती मी आहे.

पण तज्ज्ञांवर नुसता राग धरून भागत नाही. अम्मीने न खाल्लेल्या सुकडीची किंमतही होती. ती तिच्या अंगातून वसूल झाली. तिचे सांधे, तिचं रक्त कायम कमी असणं, पुढचं बाळंतपण जड जाणं, हे कुठल्या सालच्या खर्चात धरायचं? म्हणजे सुकडी वाटणाऱ्यांची कल्पना चुकली नव्हती. राबणाऱ्याला त्याची जरूर होतीच. चूक एवढीच की मुलासाठी वेगळा घास कोणी मोजला नव्हता, म्हणून आईने तो आपल्यातून काढला.

मुलाचा घास वेगळा मोजायचा, आणि तो शिजवून त्याच्याच पुढ्यात ठेवायचा, हे धनकवडीला जे झालं ते देशभर व्हायला सव्वाशे वर्षं लागली. १५ ऑगस्ट १९९५ रोजी प्राथमिक शाळांसाठी पोषण आहाराची केंद्रीय योजना सुरू झाली. तमिळनाडूसारखी दोन-तीन राज्यं शिजवून देत होती, बाकी बहुतेक ठिकाणी, आपल्याकडेही, मुलाला महिन्याला तीन किलो तांदूळ घरी न्यायला मिळे, ८० टक्के हजेरी भरली तर. स्वस्त आणि सुटसुटीत. स्वयंपाकीण नको, जळण नको, भांडी नकोत. पण तांदूळ घरी गेला की तो घराचा होतो, पाच-सहा तोंडांत विभागला जातो. नोव्हेंबर २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला की शाळेत शिजवलेलं जेवणच द्या. खर्च वाढला. शिक्षकांची कुरकुर झाली, ती अगदीच अनाठायी नव्हती. गुरुजी खिचडीचे आचारी झाले अशी चित्रंही वर्तमानपत्रांत यायची.

मग कोणीतरी मोजलं. फरझाना आफ्रिदी या अर्थशास्त्रज्ञांनी मध्य प्रदेशातल्या मुलांच्या रोजच्या आहाराची पाहणी केली. शंका अशी होती की शाळेत मिळालं म्हणून घरी तेवढं कमी वाढतील, मग फायदा काय? तसं फारसं झालेलं दिसलं नाही. शाळेत दिलेल्या पोषणाचा निम्म्यापासून जवळजवळ सगळा वाटा मुलाच्या दिवसाच्या खाण्यात खरोखरच भर म्हणून पडला होता. प्राथमिक शाळेतल्या मुलाची प्रथिनांची रोजची तूट पूर्ण भरून निघाली होती, आणि खर्च होता दर मुलामागे दिवसाला तीन अमेरिकन सेंट, म्हणजे तेव्हाचे दीड रुपयाच्या आत. आंध्र प्रदेशात ज्या मुलांच्या लहानपणी दुष्काळ पडून वाढ खुंटली होती, त्यांची काही भरपाई शाळेतल्या जेवणाने झाली, असं २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात निघालं. आणि २०२१ मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’ या नियतकालिकात आलेला निष्कर्ष तर मी दोनदा वाचला. ज्या मुली शाळेत हे जेवण जेवल्या, त्या पुढे आया झाल्यावर त्यांच्या मुलांची उंची वयाच्या मानाने अधिक भरली. खिचडी एका पोरीने खाल्ली, आणि तिचं फळ दहा-पंधरा वर्षांनी दुसऱ्याच कोणाच्या उंचीत दिसलं. असा लाभ कुठल्या अंदाजपत्रकात मावणार? ते तर एकतीस मार्चला संपतं.

म्हणून पैशापैशांची घासाघीस चालूच राहते. मे २०२५ पासून प्राथमिक शाळेतल्या मुलामागे धान्य सोडून बाकी साहित्याचा दर दिवसाला ६ रुपये ७८ पैसे ठरला, सहावी ते आठवीसाठी १० रुपये १७ पैसे. डाळ, भाजी, तेल, मीठमसाला, जळण, सगळं त्यात. महाराष्ट्राने नोव्हेंबर २०२३ मध्ये आठवड्यातून एकदा अंडं किंवा केळं द्यायला सुरुवात केली होती. जानेवारी २०२५ मध्ये अंड्यासाठी वेगळा निधी देणं शासनाने थांबवलं आणि शाळांना सांगितलं की लोकसहभागातून जमवा. अंड्याला काही मंडळींचा धार्मिक विरोध होता, तो भाग वेगळा. पण ज्या गावाला अंडी जमवण्याची ऐपत आहे, त्या गावातल्या मुलांना शाळेच्या अंड्याची निकड सर्वांत कमी असते, एवढं तर कॉर्निश न वाचताही कळायला हवं.

या स्वस्ताईत एक खांदा असतो, त्याबद्दल कोणी बोलत नाही. शाळेत स्वयंपाक करणाऱ्या बाईचं केंद्राने ठरवलेलं मानधन २००९ मध्ये महिन्याला हजार रुपये होतं, तेही वर्षातले दहा महिने. राज्यांनी त्यात आपापली भर घातली, पण मूळ आकडा पुढे वर्षानुवर्षं हललेला नाही. जगातली सर्वांत मोठी आणि सर्वांत कमी खर्चाची शालेय आहार योजना म्हणून आपण तिचं कौतुक करतो. त्या कमी खर्चातला मोठा हिस्सा तिच्या घरातून आलेला आहे.

मागे एका तालुक्याच्या शाळेत कविता वाचायला बोलावलं होतं. मी लवकर पोचलो. पोरं वर्गात होती, आणि खोलीच्या मागे शेडमध्ये एक मावशी खिचडीचा तांदूळ मोजत होत्या. भिंतीवर खडूने त्या दिवशीची हजेरी लिहिलेली, ६४. शंभर ग्रॅमप्रमाणे सहा किलो चारशे. त्यांनी काट्यावर बरोबर तेवढा तांदूळ घेतला, मला काटा वाकून दाखवलाही, मला कोणी तपासणी अधिकारी समजून. मी म्हटलं, मावशी, मी कवी आहे, तपासायला नाही आलो. त्या हसल्या. मग त्यांनी पोत्यात हात घातला आणि दोन मुठी तांदूळ परातीत आणखी टाकले. कशाला, म्हणून मी विचारलं.

“बालवाडीतली चारजणं येऊन बसतात पंगतीला,” त्या म्हणाल्या. “त्यांचं नाव नाही पटावर.”